सुरांच्या हिशोबातली तूट, आणि ती वाटून देणारा ऑर्गनवादक

तंबोरा नीट जुळला आणि जवारी चांगली लागली, की षड्जाच्या तारेतून एक गांधार आपोआप ऐकू येऊ लागतो. तो कुणी छेडलेला नसतो, त्याच्यासाठी वेगळी तारही नसते. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. आता त्याच तंबोऱ्याशेजारी पेटी ठेवा, तंबोऱ्याचा षड्ज पांढरी एकशी, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीशी, मिळवून घ्या आणि पेटीवर पांढरी तीन दाबा. हाही गांधारच, पण तंबोऱ्यातल्यापेक्षा किंचित चढा. षड्जाची कंपनं सेकंदाला २४० धरली तर तंबोऱ्याचा गांधार बरोबर ३०० वर येतो आणि पेटीचा ३०२ च्या थोडा पुढे. पेटी बिघडलेली नाही. ती मुद्दाम अशी लावलेली असते.

असं मुद्दाम बेसूर लावण्याची वेळ का येते? याचं उत्तर शोधताना सतराव्या शतकातल्या जर्मनीतल्या एका चर्चच्या ऑर्गनवादकापाशी थांबावंच लागतं. त्याचं नाव आंद्रेआस वेर्कमाइस्टर. संगीतकार बाखइतका तो प्रसिद्ध नाही, त्याच्या स्वतःच्या रचना आज फारशा कुणी वाजवत नाही. पण आजही पाश्चात्त्य वाद्यं लावणाऱ्यांच्या तोंडी त्याचं नाव असतं, आणि तेही 'वेर्कमाइस्टर तीन' अशा एखाद्या औषधाच्या नावासारखं.

आधी ही अडचण काय आहे ते पाहू, कारण तिच्याशिवाय हा माणूस कळत नाही.

बारा पावलं आणि चुकलेलं घर

आपल्याकडे षड्ज-पंचम भाव म्हणतात, तो कानाला सर्वांत सहज पटणारा संबंध. षड्जाची कंपनं २ असतील तर पंचमाची ३. आता या पंचमालाच नवा षड्ज माना आणि त्याचा पंचम घ्या. मग त्याचा पंचम. असं पुढे पुढे जात राहिलं की पेटीवरचे बाराही सूर एकेक करून भेटतात आणि बाराव्या पावलाला आपण पुन्हा षड्जावर येतो, सात सप्तकं वर.

निदान यायला हवं. १०० कंपनांपासून सुरुवात करून बारा वेळा दीडपट केलं तर आकडा येतो १२,९७४.६. सात वेळा दुप्पट केलं, म्हणजे सरळ सात सप्तकं चढलो, तर येतो १२,८००. दोन्ही वाटा एकाच घरी जायला हव्यात, पण पंचमांची वाट उंबऱ्याच्या थोडी पुढे जाऊन थांबते. हा फरक एका अर्ध्या सुराच्या साधारण पाव भागाएवढा आहे. पाश्चात्त्य शास्त्रात त्याला पायथागोरसचा कॉमा म्हणतात.

हिशोब कितीही वेळा तपासा, तूट राहणारच. तीनचे कितीही गुणाकार केले तरी दोनच्या गुणाकारांशी ते कधीच तंतोतंत जुळत नाहीत. यात ना कारागिराचा दोष, ना कानाचा.

त्यात आणखी एक गोम आहे. शुद्ध पंचमाची चार पावलं चढून जो गांधार मिळतो, तो स्वयंभू गांधाराशी जुळत नाही. तो बराच चढा असतो. म्हणजे पंचम शुद्ध ठेवले तर गांधार बिघडतो, आणि गांधार शुद्ध ठेवला तर पंचम.

गायकाला याचं काही वाटत नाही. तो एका षड्जाला धरून गातो आणि गांधार हवा तिथे लावतो. सारंगीवाल्याचं बोटही हवं तिथे सरकतं. अडचण होते ती ज्याचे सूर आधीच ठरलेले आहेत त्याची. चर्चच्या मोठ्या ऑर्गनमध्ये तर शेकडो, कधी हजारो नळ्या असतात. संगीत नाटकात वाजायचा तो ऑर्गन म्हणजे पायपेटी, तिच्यात पितळी पत्त्या असतात. हा ऑर्गन वेगळा. भात्यांतून आलेली हवा लाकडी पेटीत साठते, पट्टी दाबली की तिची झडप उघडते आणि धातूची किंवा लाकडाची नळी बासरीसारखी बोलू लागते. पट्टीवर बोट आहे तोवर सूर हलत नाही, विरतही नाही. तंतुवाद्यावरचा वाईट सूर निदान क्षणात मावळतो. ऑर्गनवरचा ठाण मांडून बसतो.

हार्त्सच्या डोंगरातला मुलगा

जर्मनीच्या मधोमध हार्त्स नावाची डोंगररांग आहे. तिथल्या बेनेकेनश्टाइन गावात ३० नोव्हेंबर १६४५ रोजी वेर्कमाइस्टर जन्मला. जर्मन मुलूख उद्ध्वस्त करणारं तीस वर्षांचं युद्ध तेव्हा अजून संपायचं होतं. घरात संगीत होतं. त्याचे दोन काका चर्चच्या संगीताच्या नोकरीत होते, आणि त्यांच्याकडेच त्याचं बरंचसं शिक्षण झालं. १६६४ मध्ये, विशीच्या आतच, तो हासेलफेल्डे या लहान गावात ऑर्गनवादक झाला. पुढे एल्बिंगेरोडे. १६७५ पासून क्वेडलिनबुर्गमध्ये, तिथल्या मठाच्या जुन्या चर्चमध्ये, एकवीस वर्षं. १६९६ मध्ये तो हाल्बरश्टाटच्या मार्टिनी चर्चमध्ये गेला आणि २६ ऑक्टोबर १७०६ रोजी तिथेच वारला.

नकाशावर पाहिलं तर हे सगळं आयुष्य एकाच डोंगराच्या पायथ्याशी गेलेलं दिसतं. ना इटलीचा प्रवास, ना राजदरबाराची नोकरी. पण त्याच्याकडे येणारी-जाणारी पत्रं आणि माणसं मोठी होती. ल्यूबेकचा बुक्स्टेहूडे हा त्या काळातला उत्तर जर्मनीतला सर्वांत मोठा ऑर्गनवादक. वेर्कमाइस्टरच्या १७०२ सालच्या ग्रंथासाठी त्याने स्तुतिपर कविता लिहून दिल्या. पुढे पहिला मोठा जर्मन संगीतकोश रचणारा योहान गोटफ्रीड वाल्टर तरुणपणी त्याला भेटायला हाल्बरश्टाटला गेला होता. बुक्स्टेहूडेच्या हस्ताक्षरातल्या रचना आपल्याला वेर्कमाइस्टरकडून मिळाल्या, असं वाल्टरने नंतर एका पत्रात नोंदवून ठेवलं आहे. हा वाल्टर म्हणजे बाखचा नातेवाईक आणि वायमारमधला सहकारी. धागा कुठून कुठे जातो ते पाहा.

फसवणूक पकडायचं पुस्तक

मला वेर्कमाइस्टर आवडू लागला तो मात्र सुरांच्या गणितामुळे नाही. १६८१ मध्ये त्याने 'ओर्गेल-प्रोबे' म्हणजे ऑर्गनची परीक्षा हे लहानसं पुस्तक काढलं आणि १६९८ मध्ये ते वाढवून पुन्हा छापलं. गावाने वर्गणी काढून, कर्ज करून ऑर्गन बांधून घेतला, तर तो ताब्यात घेताना काय काय तपासावं, याचं ते मार्गदर्शन. आज फ्लॅटचा ताबा घेण्याआधी भिंती ठोकून पाहणारा जाणता माणूस सोबत नेतात ना, तसलं.

भाते गळतात का? सगळे स्टॉप, म्हणजे नळ्यांचे एकेक संच चालू करणाऱ्या खुंट्या, उघडून भरगच्च स्वरमेळ वाजवला तर हवा पुरते का, की आवाज धापा टाकू लागतो? नळ्यांचा पत्रा करारात लिहिलाय तेवढा जाड आहे का? एक पट्टी दाबल्यावर शेजारची नळी हळूच कण्हते का? हा शेवटचा दोष म्हणजे हवा आतल्या आत एका घरातून दुसऱ्या घरात झिरपते आहे. काही कारागीर तो दुरुस्त करण्याऐवजी लाकडात बारीक चर पाडत आणि झिरपलेली हवा गुपचूप बाहेर सोडून देत. परीक्षेच्या दिवशी सगळं ठीक वाजे. वेर्कमाइस्टरला या सगळ्या युक्त्या ठाऊक होत्या आणि त्याने त्या नावानिशी उघड केल्या. पुढे हाल्बरश्टाट संस्थानातल्या ऑर्गनांची देखरेखही त्याच्याकडे आली, ते साहजिकच होतं.

पुढच्या पिढीत बाखला ठिकठिकाणी नवे ऑर्गन तपासायला बोलावत. तो सुरुवातीलाच सगळे स्टॉप एकदम ओढून दणदणीत वाजवायचा आणि गमतीने म्हणायचा, आधी याची फुप्फुसं धड आहेत का ते पाहू. हे त्याच्या मुलाने सांगून ठेवलं आहे. ऑर्गन बांधणारे त्या क्षणी पांढरेफटक पडत असणार. बाख आणि वेर्कमाइस्टर कधी भेटले असं दिसत नाही. वेर्कमाइस्टर वारला तेव्हा बाख एकवीस वर्षांचा होता. पण ऑर्गन तपासायची ही शिस्त दोघांची एकच.

एका जुन्या परीक्षेची हकिगतही आपल्याला त्याच्यामुळेच तपशिलात कळते. १५९६ मध्ये हाल्बरश्टाटजवळच्या ग्र्योनिंगेनच्या गढीतल्या चर्चमध्ये डाव्हिड बेक या कारागिराने ५९ स्टॉपचा ऑर्गन पुरा केला. ड्यूक हाइनरिश यूलियुसने तो तपासायला एकदोन नव्हे, ५३ ऑर्गनवादक बोलावले. हान्स लेओ हास्लर, मिखाएल प्रेटोरियुस अशी त्या काळातली बडी मंडळी त्यांत होती. वेर्कमाइस्टरने १७०५ मध्ये या ऑर्गनवर पुस्तिका लिहिली आणि त्या त्रेपन्नही जणांची नावं छापली. हे वाद्य आता तिथे नाही. त्याची नक्षीदार दर्शनी चौकट मात्र पुढे हाल्बरश्टाटच्या मार्टिनी चर्चमध्ये आणली गेली, म्हणजे वेर्कमाइस्टर जिथे नोकरीला होता त्याच चर्चमध्ये.

लांडगा कुठे बसवायचा

आता पुन्हा तुटीकडे. कारागिराने केलेली चोरी पकडता येते. निसर्गाने ठेवलेली तूट पकडून उपयोग नाही, ती कुणाच्या तरी पदरात घालावीच लागते. कुणाच्या, एवढाच प्रश्न.

वेर्कमाइस्टरच्या आधीच्या दीड-दोनशे वर्षांत चाललेला तोडगा असा. गांधार महत्त्वाचा, तो स्वयंभूच हवा. त्यासाठी प्रत्येक पंचम जरासा उतरवायचा. किती? सप्तकाचे १२०० बारीक भाग कल्पिले तर शुद्ध पंचम ७०२ व्या भागावर येतो, तो ६९६-६९७ वर आणायचा. एवढं कान चालवून घेतो. पण असे अकरा पंचम उतरवल्यावर बाराव्याच्या वाट्याला सगळी भरपाई एकदम येते आणि तो ७३७ च्याही पुढे जातो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर काळी चार आणि काळी दोन यांमधला हा पंचम. ऑर्गनवर तो वाजवला की आवाज इतका गुरगुरतो की त्याला लांडगा असंच नाव पडलं. शिवाय त्या बाजूचे चार गांधारही भयंकर चढे, ४२७ वर. शुद्ध गांधार असतो ३८६ वर.

यावर उपाय म्हणजे त्या वाटेने जायचंच नाही. पांढरी एक, पांढरी चार, पांढरी पाच अशा मोजक्या षड्जांवर वाजवायचं. त्या ठिकाणी मात्र हा ऑर्गन मधासारखा गोड लागे, आणि म्हणूनच कित्येक वादकांना तो सोडवेना.

पण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे भागेना. संगीतकार एकाच रचनेत षड्ज बदलत दूरदूर फिरू लागले. दुसरं कारण अगदी रोजच्या कामातलं. चर्चचे ऑर्गन बऱ्याचदा इतर वाद्यांपेक्षा एका सुराने वर लावलेले असत. व्हायोलिन-बासरीवाल्यांबरोबर वाजवायचं तर बिचाऱ्या ऑर्गनवादकाला सगळं एक सूर खाली घेऊन वाजवावं लागे, आणि तसं करताना तो नको त्या काळ्या पट्ट्यांवर, म्हणजे थेट लांडग्याच्या तोंडी जाई. काही ठिकाणी काळ्या पट्ट्या मधून चिरून एकेकीच्या दोन केल्या, म्हणजे थोडा चढा आणि थोडा उतरता असे दोन्ही सूर हाताशी. वेर्कमाइस्टरला हे पटत नव्हतं. नळ्या वाढतात, खर्च वाढतो, बोटं अडखळतात.

१६९१ च्या 'म्युझिकालिशे टेंपेराटूर' या पुस्तकात त्याने स्वतःच्या पद्धती मांडल्या. यादीत पहिला क्रमांक शुद्ध सुरांच्या मांडणीचा, दुसरा वर सांगितलेल्या जुन्या पद्धतीचा, आणि तिसरा त्याच्या स्वतःच्या पहिल्या पद्धतीचा. 'वेर्कमाइस्टर तीन' हे नाव त्या तिसऱ्या क्रमांकावरून आलं.

ती कल्पना सांगायला सोपी आहे. बारा पंचमांत जी तूट येते तिचे चार सारखे भाग करा. हे चार भाग चारच पंचमांवर टाका: पांढरी एक ते पांढरी पाच, पांढरी पाच ते पांढरी दोन, पांढरी दोन ते पांढरी सहा, आणि पांढरी सात ते काळी तीन. उरलेले आठ पंचम पूर्ण शुद्ध ठेवा. झालं. चक्र पुरं होतं, हिशोब मिटतो आणि लांडगा नाहीसा होतो.

यातली खरी हुशारी निवडीत आहे. पहिले तीन उतरवलेले पंचम एका रांगेत आहेत, त्यामुळे पांढरी एकचा गांधार ३९० वर येतो, जवळजवळ स्वयंभू. पांढरी चारचाही तसाच. पांढरी पाच आणि पांढरी दोन यांचे गांधार ३९६ वर. पुढे जसजसे आपण काळ्या पट्ट्यांकडे सरकतो तसतसा गांधार चढत जातो, ४०२, आणि शेवटी काळी एक, काळी तीन, काळी चार यांवर ४०८. चढा खरा, पण गुरगुरणारा नाही. म्हणजे रोजच्या स्तोत्रांना लागणारे षड्ज गोड राहिले आणि क्वचित लागणारे निदान वाजवण्याजोगे झाले. हा गणिती माणसाचा निवाडा नाही. दर रविवारी कुठल्या पट्ट्यांवर आपली बोटं जास्त पडतात हे ठाऊक असलेल्या नोकरदार वादकाचा आहे.

याचा आणखी एक परिणाम झाला. प्रत्येक षड्जाला स्वतःचा रंग आला. तीच चाल पांढरी एकवर निवांत वाटते आणि काळी तीनवर ताणलेली. आजच्या पेटीत किंवा पियानोत हा फरक उरलेला नाही. तिथे तूट बारा पंचमांत अगदी सारखी वाटलेली असते. प्रत्येक पंचम ७०० वर, प्रत्येक गांधार ४०० वर. एकही फार वाईट नाही आणि एकही स्वयंभू नाही.

त्याच्या नावावर चढलेलं श्रेय

पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं की सम वाटणीची ही पद्धत वेर्कमाइस्टरने शोधली आणि बाखने १७२२ मध्ये चोवीसही स्वरकुळांत (बारा षड्ज, प्रत्येकाची मेजर आणि मायनर अशी दोन रूपं) रचना करून ती सिद्ध करून दाखवली. दोन्ही विधानं जशीच्या तशी घेऊ नयेत. सम वाटणीचा आकडा चीनमध्ये राजपुत्र झू झाइयू याने आणि युरोपात सिमोन स्टेव्हिनने सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटीच काढला होता. आणि बाखने आपल्या संग्रहाच्या नावात जो शब्द वापरला, 'वोलटेंपेरियर्ट', त्याचा अर्थ 'नीट मुरड घालून लावलेलं' एवढाच. सारखं वाटलेलं असा अर्थ त्यात नाही. गंमत म्हणजे याच धाटणीचे शब्द वेर्कमाइस्टरच्या १६८१ च्या पुस्तकाच्या लांबलचक नावात येतात. बाखने नेमकी कुठली पद्धत मनात धरली होती, यावर अभ्यासक आजही एकमेकांच्या अंगावर धावून जातात.

वेर्कमाइस्टर स्वतः म्हातारपणी सम वाटणीकडे झुकला, हेही खरं. मृत्यूनंतर १७०७ मध्ये आलेल्या शेवटच्या पुस्तकात तो तिची बाजू घेतो. पण त्याचं कारण आजच्या कानाला चमत्कारिक वाटेल. ल्यूथरपंथी श्रद्धेतून त्याला संगीत म्हणजे देवाच्या आकड्यांची सावली वाटे. शुद्ध स्वरमेळातल्या तीन सुरांचं प्रमाण ४:५:६. तीन सूर मिळून एक नाद, यात त्याला त्रिमूर्ती परमेश्वर दिसे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. मग देवाने निर्मिलेल्या शुद्ध प्रमाणांना माणसाने मुरड का घालावी? त्याने उलटा अर्थ लावला: पृथ्वीवर काहीच पूर्ण नसतं, आपणही नाही, सगळ्या पंचमांनी थोडं थोडं सोसून मेळ राखावा, तसं सज्जनांनी आपल्या स्वभावाला मुरड घालून राहावं. ग्रहांच्या गतीत सुरांची प्रमाणं असतात या खगोलशास्त्रज्ञ केप्लरच्या कल्पनेवर विश्वास असलेला आणि त्याच हाताने भात्यांची गळती तपासणारा माणूस. आपण या दोन गोष्टी वेगळ्या कप्प्यांत ठेवतो, त्याने ठेवल्या नव्हत्या.

हाच तिढा दोन शतकांनी आपल्या दाराशी आला, तो पेटीच्या रूपाने. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांवर, पुस्तक प्रसिद्ध केलं, आणि श्रुतींप्रमाणे सूर देणारी पेटी घडवण्याचे प्रयत्न त्याच काळात झाले. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केलं, ते तीसेक वर्षं बंदच राहिलं. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, येत नाही आणि सूर आपले नाहीत, हे तिच्यावरचे आरोप. आपल्या वादातला एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. आपला षड्ज मैफलभर हलत नाही, त्यामुळे तूट वाटून घेण्याची गरजच आपल्याला नव्हती. वेर्कमाइस्टरचा षड्ज दर चार ओळींनी घर बदलत होता.

घरी डिजिटल पियानो किंवा बरा कीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये टेंपरामेंट, म्हणजे सूर लावायची पद्धत, असा पर्याय शोधा. बऱ्याच वाद्यांत तिथे वेर्कमाइस्टरचं नाव सापडतं. ते निवडा, ऑर्गनचा आवाज लावा, कारण पियानोचा सूर लवकर विरतो. आधी पांढरी एक आणि पांढरी तीन एकदम दाबून धरा. मग काळी एक आणि पांढरी चार. दोन्ही वेळा सा-गच वाजतोय, पण दुसऱ्या वेळी त्या नादात एक जलद थरथर ऐकू येईल.